छापणाऱ्याच्या नावाची ओळ

कोजागिरी होऊन गेली होती, दिवाळी यायची होती. वार गुरुवार, सकाळचे साडेनऊ. रक्कम दोनशे चाळीस रुपये, पण ती त्या वेळी हजर असलेल्या चौघांपैकी एकालाच माहीत होती. हजर होतो आम्ही चौघं: माझे वडील, आई, मी, आणि आमच्या घरी मासळी घालणाऱ्या कुंदाकाकी. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. त्या सकाळी जे बघितलं त्याचा धक्का अजून पुरता ओसरलेला नाही. मुलगी पुण्याला एका प्रकाशकाकडे काम करते, तिचा मागच्या महिन्यात फोन आला नसता तर मी हे लिहायलाही बसले नसते. ती म्हणाली, "आई, पुस्तकात आतल्या पानावर छापणाऱ्याचं, प्रकाशकाचं नाव-गाव असतं ना, त्याला आम्ही इम्प्रिंट म्हणतो. त्याचा नीट अर्थ काय आणि ते आलं कुठून, दोन ओळींत सांग, एका फॉर्ममध्ये लिहायचंय. तुझ्या घरात छापखाना होता." मी म्हटलं, कामात आहे, नंतर सांगते. कामात नव्हते. दोन ओळींत सांगता येत नव्हतं.

आमचं घर आणि छापखाना एकाच छपराखाली होता. बाजारपेठेच्या मागच्या आळीत, जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. पुढच्या दोन खोल्यांत छापखाना, मग एक अंधारा बोळ, मग माजघर आणि स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत पायानं चालवायचं ट्रेडल यंत्र होतं. त्याचा आवाज म्हणजे आमच्या घराचं घड्याळ. खडाड, मग क्षणभर काही नाही, मग थप्प. त्या ठेक्यावर आई भाकऱ्या थापायची, आणि यंत्र मध्येच थांबलं की हातातली भाकरी तशीच धरून बोळाकडे बघायची, कारण मध्येच थांबणं म्हणजे काहीतरी बिघडलेलं असायचं. घराला दोन वास होते. पुढे शाई आणि रॉकेल, मागे कोकमाची सोलं आणि तिरफळं. बोळाच्या मध्यावर दोन्ही एकमेकांत मिसळायचे. अजूनही कुठे रॉकेलचा वास आला की मला बांगड्याच्या तिखल्याची भूक लागते. हे कोणाला सांगायची सोय नाही.

बाबांना सगळं गाव भाऊ म्हणायचं. खिळे जुळवायला, म्हणजे शिशाची एकेक अक्षरं उचलून ओळी लावायला, पांडुमामा होते. ते आमचे सख्खे मामा नव्हेत, पण माझ्या जन्माआधीपासून तिथं होते. कामं साधी: लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, देवळाच्या उत्सवाची पत्रकं, आणि वर्षाचा खरा आधार म्हणजे आंब्याच्या पेट्यांवर चिकटवायची लेबलं. बारावीनंतर घरातल्या तीन गोष्टी माझ्याकडे आल्या. कामांची वही लिहायची, कागदाची शिल्लक ठेवायची, आणि प्रत्येक कामाचा पहिला छाप निघाला की तो तपासायचा. आकडे मला आवडायचे. आजही आवडतात, भाजीवालीचा हिशेब मी तिच्याआधी करते आणि ती रागावते.

छाप तपासताना बाबांचा एक प्रश्न ठरलेला असायचा. मजकूर वाचून झाला, काना-मात्रा बघून झाली, की ते यंत्रावरूनच विचारायचे, "ओळ बघितली?" ओळ म्हणजे कागदाच्या अगदी पायाशी बारीक अक्षरांत असलेली छापखान्याची ओळ. आमची अशी होती: "मुद्रक वामन गोविंद आंबेरकर, शुभाक्षर मुद्रणालय, रत्नागिरी". ही ओळ पांडुमामांनी एकदाच जुळवून सुतळीनं बांधून ठेवली होती. कुठलंही काम असो, मजकुराचा चौकटीत आवळलेला फर्मा तयार झाला की खाली ती ओळ बसायचीच. तिची जागा ठरलेली, लांबी ठरलेली.

मी एकदा विचारलं होतं की एवढ्या बारीक अक्षरांतलं नाव वाचतं कोण. बाबांनी यंत्र थांबवलं. ते शिकवायला लागले की यंत्र थांबवत, म्हणून आईला त्यांचं शिकवणं आवडत नसे. ते म्हणाले, "ही ओळ आपल्या हौसेची नाही. छापायची विद्या आली तेव्हा राजे घाबरले. हातानं लिहिलेला कागद एकाचा असतो, अक्षरावरून माणूस सापडतो. छापलेला कागद हजार ठिकाणी एकदम जातो आणि अक्षर कोणाचंच नसतं. मग राजांनी हुकूम काढले, छापायचं तर खाली नाव घाला, गाव घाला. म्हणजे कागदात काही वावगं निघालं तर शिपायाला कोणाच्या दारात जायचं ते कळावं. इंग्रजांनी तोच कायदा इकडे आणला. ही ओळ जन्मली ती माणूस पकडायला." मग म्हणाले, "पुढे लोकांनी तिचा मान केला. चांगलं छापणारे अभिमानानं नाव घालायला लागले. पण मूळ अर्थ तोच. ह्या कागदाबद्दल काही विचारायचं असेल तर माझ्या दारात या." छापखान्यातल्या देवाच्या फोटोशेजारी त्यांनी एक कागद चौकटीत लावला होता. छापखाना सुरू करताना मॅजिस्ट्रेटसमोर केलेल्या जाहीरनाम्याची ती नक्कल. आई उदबत्ती ओवाळताना त्यालाही ओवाळायची.

मुलीनं सांगितलं तो इंग्रजी शब्द मी नंतर कोशात बघितला. त्याचा मुळातला अर्थ दाबून उमटलेली खूण असा दिला आहे. म्हणजे राजा आणि शिपाई पुढचे, आधी नुसता दाब आणि खूण. हे वाचून मी कोश मिटला आणि बराच वेळ तशीच बसले. का, ते पुढे कळेल.

ओळ न घालता छापायचं असं एकच काम आमच्याकडे वर्षातून दोनदा यायचं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. पेपर कुठे छापला हे कोणाला कळू नये म्हणून तिथं छापखान्याचं नाव नसे. त्या वेळी बाबा ती बांधलेली ओळ काढून तिच्या जागी तीन लाकडी ठोकळे बसवत: एक लांब, एक आखूड, एक लांब. ठोकळे अक्षरांपेक्षा बुटके, त्यामुळे त्यांना शाई लागायची नाही आणि कागदावर कोरी जागा राहायची. निदान तसं व्हायला हवं. पण आमच्या दमट हवेत लाकूड फुगतं. चौकट आवळली की ते ठोकळे हळूहळू वर सरकायचे, शाई घ्यायचे, आणि पेपराच्या तळाशी तीन फिकट खुणा उमटायच्या. लांब, आखूड, लांब. मी लहानपणापासून कुरकुरायचे की हे घाण दिसतं, शिशाचे ठोकळे आणा. बाबा म्हणायचे, "पोरं पेपर सोडवायला बसतात, तळाला काय आहे ते बघायला नाही."

कुंदाकाकींचं सांगायला हवं. मच्छीबाजाराच्या दाराशी, आत शिरताना डाव्या हाताचा कोपरा त्यांचा. तिथं त्यांच्या सासूबाई बसायच्या, मग ह्या. विक्री उरकत आली की पाटी डोक्यावर घेऊन त्या ठरलेल्या दहा-बारा घरी जायच्या, आणि आमचं घर त्यातलं. पाटी पायरीवर टेकवायच्या आणि हाक मारायच्या, "शैलू, टोप आण गो." आई मासळी घ्यायची ती वाट्यावर. सहा बांगड्यांचा एक वाटा. आई भाव करायची, काकी ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या, भाव व्हायचा तोच व्हायचा, आणि शेवटी काकी वाट्यावर एक बांगडा जास्तीचा टाकून म्हणायच्या, "ह्यो शैलूचा. शिकतेय पोर, डोक्याला लागतो." तो सातवा बांगडा मी इतकी वर्षं खाल्ला की मला तो हक्काचा वाटायला लागला होता.

त्या गुरुवारच्या आदल्या आठवड्यात, मंगळवारी, गावात एक पत्रक फिरलं. पिवळा कागद, वहीच्या अर्ध्या पानाएवढा. आमच्याही दाराच्या फटीत एक होतं. मजकूर थोडका होता. नागरिकांनी सावध राहावे. मच्छीबाजाराच्या दारातील कोपऱ्यावर बसणाऱ्या बाईकडील शिळी मासळी खाऊन एका लग्नघरी अकरा माणसे आजारी पडली. आपल्या मुलाबाळांना जपा. खाली "एक हितचिंतक". नाव घातलं नव्हतं आणि घालायची गरजही नव्हती. दारात एकच कोपरा आहे आणि तिथं एकच बाई बसते.

आईनं ते वाचलं आणि चुलीत घातलं. मी ते हातातही घेतलं नव्हतं. आई म्हणाली, "खोटंच असणार. पण अकरा माणसं म्हणतायत." आकडा घातला की माणसाला खरं वाटतं, हे मी त्या दिवशी शिकले आणि पुढे नोकरीत फार वेळा बघितलं. बुधवारी काकी आल्या तेव्हा आईनं दार अर्धंच उघडलं. म्हणाली, "आज नको हो कुंदाबाय, संकष्टी आहे." संकष्टी नव्हती. काकींनी पाटी खाली ठेवलीच नव्हती, तशाच वळल्या. मग रविवारी आई म्हणाली पाहुण्यांकडे जेवायला जायचंय, मग म्हणाली घरात पोट बिघडलंय. त्या आठवड्यात आम्ही कुळथाची पिठी खाल्ली, पाच वेळा. ज्यांना मासळीशिवाय घास उतरत नसे ते बाबा खाली मान घालून पिठी-भात खात होते. आई एकदा म्हणालीही, "एक अक्षर बोलत नाहीत, नवलच आहे." बाबा म्हणाले, "चांगली झालीय."

आता त्या गुरुवारकडे येते. काकी आल्या त्या पाटीशिवाय. त्या पाटीशिवाय आलेल्या मी कधी बघितल्या नव्हत्या. त्यांची उंचीच कमी झाल्यासारखी वाटली. मागच्या दारी न जाता त्या पुढून, छापखान्यात आल्या आणि उंबऱ्याच्या आत पायरीवर बसल्या. बाबा यंत्रापाशी होते. मी टेबलाशी वही लिहीत होते. आई आवाज ऐकून बोळातून आली आणि दारात थबकली.

काकींनी कमरेची पिशवी सोडून ते पिवळं पत्रक काढलं. नीट घडी केलेलं होतं.

"भाऊ, ह्यो कागद बघा."

बाबांनी हात पुसले, पण कागद घेतला नाही. म्हणाले, "बघितलाय. वाईट झालं."

"दहा दिस झाले. काल माझा सगळा माल खताला गेला. ताजी सुरमई, भाऊ, डोळा बघा तर आरशासारखा. एक बाय थांबली नाय. सोमवारी बाजाराची कमिटी बसतेय. म्हणतात, तुझ्यापायी गिऱ्हाईक दारातनंच मागं जातंय, आत सगळ्यांचं नुकसान. कोपरा सोड आणि पाठीमागं गटाराकडं बस."

"असं कसं म्हणतात," आई म्हणाली. तिचा आवाज मला तिचा वाटला नाही.

"तुमी पण नाय घेतलीत वहिनी. मी काय बोलले का?" काकी तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "भाऊ, मी त्यांना सांगितलं, ज्यानं लिवलंय तो माझ्यासमोर येऊ दे. ते बोलले, कोण ते सांग. आता मी कुठनं सांगू? मग मला तुमची आठवण आयली. म्हटलं, छापायचं काम भाऊंना कळतंय. मासळी बघून मी सांगते कुठल्या होडीची. तसं तुमी कागद बघून सांगाल, कुठं छापलाय."

बाबांनी आता कागद घेतला. उलटा केला, सुलटा केला. मग म्हणाले, "खाली ओळ नाही. ओळ नसली की कोणाचं ते सांगता येत नाही, कुंदाबाय. कोल्हापूरला छापून आणलं असेल."

"शैलू, तू बघ गो. तुझी नजर चांगली हाय."

बाबांनी कागद माझ्याकडे दिला नाही. काकींनीच तो त्यांच्या हातातून घेतला आणि मला दिला. मी मजकूर वाचलाच नाही. सवयीनं माझी नजर आधी पायाशी गेली, ओळ बघायला. ओळ नव्हती. तिच्या जागी तीन फिकट खुणा होत्या. लांब, आखूड, लांब.

मला आठवतं ते एवढंच की हाताला घाम आला आणि कागदाचा पिवळा रंग बोटांना लागला. बाकी सगळं जागच्या जागी होतं. यंत्र होतं, चौकटीतला जाहीरनामा होता, पांडुमामा आतल्या खोलीत खिळे पेटीत टाकत होते त्याची टिकटिक ऐकू येत होती. मी वर बघितलं. बाबा माझ्याकडेच बघत होते, आणि मी काय बघितलं ते त्यांना कळलं होतं. त्या खुणा त्या खोलीत दोनच माणसांना वाचता येत होत्या.

"काय गो, दिसलं काय?"

मी म्हटलं, "नाही, काकी."

हे वाक्य मी आज मुद्दाम जसंच्या तसं लिहिते आहे. गोष्ट बाबांची असली तरी हे वाक्य माझं आहे. काकी उठल्या, कागद परत मागितला नाही. आईनं चहा टाकते म्हटलं तर म्हणाल्या, "नको. कप माझ्यानंतर तुमी दोनदा धुवाल." आणि गेल्या.

मी कागदाच्या फडताळाशी गेले. खात्री हवी होती. खरं सांगायचं तर, आपण चुकलोय याची खात्री हवी होती. पिवळ्या कागदाचं एक रीम, पाचशे ताव, मी वहीत घेतलं होतं. पावतीपुस्तकांच्या वेष्टनाला नव्वद गेले. चारशे दहा हवेत. मोजले, एकशे साठ भरले. पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा मोजताना पांडुमामा बाहेर आले आणि म्हणाले, "काय कमी पडतंय काय?" मी म्हटलं, "अडीचशे." एका तावाची चार पत्रकं, म्हणजे हजार. मामांनी फडताळाकडे बघितलं. म्हणाले, "गेल्या आठवड्यात मंगळवारी आलो तर माझ्या पेटीतले खिळे भलत्याच खणांत होते. भाऊंना विचारलं, तर बोलले, मीच बघत होतो काहीतरी." मग ते आत गेले. त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी, सोमवारी, छापखान्याला सुट्टी होती आणि आई आणि मी भाट्याला मावशीकडे दिवसभर होतो. यंत्राचा आवाज ऐकायला घरात कोणी नव्हतं.

दुपारी पानं वाढली. पुन्हा पिठी. बाबांनी पहिला घास घेतला आणि मी ते पत्रक त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. दुसरं काय बोलायचं ते सुचेना. रोजचंच वाक्य तोंडातून आलं.

"बाबा, ओळ बघितली."

त्यांचा हात ताटात थांबला. आई म्हणाली, "कसली ओळ? जेवताना तरी काम बाजूला ठेवा दोघं."

आईनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, मग ते पिवळं पत्रक उचललं. तिला खुणा वाचता येत नव्हत्या, पण बाबांचं तोंड वाचता येत होतं. ती खाली बसली.

"तुम्ही?"

"बापू आला होता. बर्फाच्या कारखान्याचा, आंब्याच्या पेट्याही त्याच्याच." बाबा ताटाकडे बघत बोलत होते. "त्याच्या पुतण्याला तो कोपरा हवाय. बर्फाच्या पेट्या घेऊन बसायला. म्हणाला, हे हजार काढून द्या, ओळ नको, आणि यंदाची आंब्याची वीस हजार लेबलं तुमची. नाहीतर कोल्हापूरला ऑफसेटवर देतो, तिथं रंगीत स्वस्त पडतात. लेबलं गेली तर छापखाना चालत नाही. तुला माहीत आहे."

"वाचलं होतंत?"

"घाईत..."

"जुळवलं कोणी?" मी विचारलं.

खिळे जुळवणारा माणूस प्रत्येक अक्षर बोटांनी उचलतो. "शिळी" हा शब्द बोटांनी उचलून लावावा लागतो, "अकरा" हा शब्दही. वाचलं नाही म्हणायची त्याला सोय नसते. हे बाबांनीच मला शिकवलं होतं.

"मी," ते म्हणाले.

"लग्नघर कुठलं?" आईनं विचारलं.

"कुठलंच नाही."

आई उठली. तिनं आवाज चढवला नाही, त्याची मला जास्त भीती वाटली. म्हणाली, "तीन वेळा मी त्या बाईला दारातून परत पाठवलं. खोटं सांगून. संकष्टी म्हणून सांगितलं मी तिला. आणि तुम्हांला माहीत होतं. तुम्ही इथं बसून पिठी गिळत होतात आणि चांगली झालीय म्हणत होतात." तिनं पिठीचं पातेलं उचलून परसात नेलं आणि माडाच्या आळ्यात ओतलं. मग छापखान्यात जाऊन देवाजवळचा जाहीरनामा खिळ्यावरून काढून आणला आणि बाबांच्या ताटासमोर ठेवला. "ह्याला मी वीस वर्षं उदबत्ती ओवाळली," म्हणाली, आणि आत गेली.

दुपारी बाबांनी पांडुमामांना घरी पाठवलं आणि एकट्यानं खिळे जुळवले. पहिला छाप त्यांनी माझ्यासमोर ठेवला. आधीचं पत्रक आमच्या छापखान्यात छापलं गेलं, त्यातला मजकूर खोटा आहे आणि तो खोटा असल्याचं छापताना मला माहीत होतं, असं त्यात होतं. खाली ओळ होती, नेहमीच्या बारीक अक्षरांत नव्हे, लग्नपत्रिकेतल्या नवरा-नवरीच्या नावाच्या अक्षरांत. त्यांनी विचारलं नाही तरी मी म्हटलं, "बघितली." हजार प्रती निघाल्या. त्या घेऊन संध्याकाळी आम्ही दोघं काकींच्या घरी गेलो. वाटेत ते एकच वाक्य बोलले, "तू सकाळी तिला नाही म्हणालीस, ते माझ्यासाठी म्हणायला नको होतं."

काकी अंगणात सुकट राखत होत्या. बाबांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, बापूचं, लेबलांचं, दोनशे चाळीस रुपयांचं. काकी ऐकताना बसल्या जागेवरून हलल्या नाहीत. बाबांचं झाल्यावर त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला सकाळी दिसलं होतं."

"हो."

"तरी वाटलं मला. तोंड पांढरं झालं होतं." मग त्यांनी गठ्ठ्यातलं वरचं पत्रक घेतलं, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं आणि परत दिलं. "हे नको, भाऊ. कागदानं माझी मासळी कुजली, ती कागदानं ताजी व्हायची नाय. लोक बोलतील, हिनंच पैशे देऊन छापून घेतलं. तुमी उद्या बाजारात या. लिलाव संपतो, सगळ्या बाया असतात, तेव्हा. आणि हे तोंडानं बोला."

बाबा म्हणाले, "मला बाजारात बोलायची सवय नाही, कुंदाबाय."

"मला पण कोपरा सोडायची नाय," काकी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मच्छीबाजारात आले. मी त्यांच्यासोबत होते. मासळी नेहमी दारात यायची, त्यामुळे ते त्या बाजारात आयुष्यात पहिल्यांदाच येत होते, आणि ओल्या फरशीवर त्यांना नीट चालता येत नव्हतं. काकींच्या कोपऱ्यासमोर ते उभे राहिले. मग मला वाटलं होतं तसं "बंधुभगिनींनो" वगैरे न म्हणता त्यांनी ओळच म्हटली, जशी पांडुमामांनी बांधली होती तशी.

"मुद्रक वामन गोविंद आंबेरकर, शुभाक्षर मुद्रणालय, रत्नागिरी." घसा साफ केला. "ते पिवळं पत्रक मी छापलं. त्यातलं लग्नघर नाही, अकरा माणसं नाहीत. सगळं खोटं आहे. मला माहीत होतं."

पलीकडच्या रांगेतून एक बाई म्हणाली, "मोठ्यानं बोला भाऊ, बर्फवाल्यापर्यंत जाऊ दे." त्यांनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, ओळीसकट. दुसरीनं विचारलं, "किती घेतलेत?" बाबा म्हणाले, "दोनशे चाळीस." ती हसली. "एवढ्यात? तेवढ्यात तर मी पापलेट पण नाय देत." पाच-सात जणी हसल्या. बाबा हसले नाहीत, पण मान खाली घातली नाही, एवढं मी बघितलं. कमिटीचा माणूस कोळंबीच्या टोपल्यांमागे उभा होता. त्यानं सगळं ऐकलं, आणि सोमवारी कोपऱ्याचा विषय निघाला नाही. काकींचं गिऱ्हाईक मात्र परत यायला दिवाळी उलटावी लागली, आणि काही घरं आलीच नाहीत. खोटं होतं हे त्यांना कळलं होतं. तरीही आली नाहीत.

छापखान्याचं सांगून टाकते. लेबलं कोल्हापूरला गेली. बाबांनी दोनशे चाळीस रुपये बापूला मनिऑर्डरनं परत केले, बारा रुपये कमिशन पडलं. ती पावती त्यांनी वहीत चिकटवली आणि पत्रक छापलं त्या सोमवारच्या तारखेला स्वतःच्या हातानं काम लिहिलं: पत्रके हजार, ओळ नाही. दोन वर्षांनी यंत्र विकलं. जाहीरनामा परत भिंतीवर गेला नाही, पण आईनं तो फेकलाही नाही. आता माझ्याकडे कपाटात आहे. मुलीला मी काल फोन करून एवढंच सांगितलं की ती ओळ म्हणजे दार आहे, विचारायला येणाऱ्यासाठी. ती म्हणाली, असं फॉर्ममध्ये लिहिता येणार नाही. मी म्हटलं, मग तुला सुचेल ते लिही.

त्या सकाळी बाजारात बोलून झाल्यावर बाबांना पुढे काय करायचं ते कळेना. मग ते खाली वाकले आणि म्हणाले, "कुंदाबाय, एक वाटा द्या बांगड्यांचा." काकींनी वाटा लावला. बाबांनी भाव केला नाही. मी पिशवी धरली. काकींनी एकेक बांगडा पिशवीत टाकला, सहा झाले, आणि त्यांनी हात पाण्यात बुडवून पदराला पुसला. मी पिशवी अजून उघडीच धरून होते. मग मिटली. पंधरा रुपये, रोख, कुंदाकाकींना दिले.